एक मीटर वीस

अंबुलगे सर स्टुलावर चढून टेपचं टोक छताला लावून उभे होते आणि मी खाली फरशीवर दुसरं टोक अंगठ्याने दाबून बसले होते.

"किती?"

"दहा फूट एक इंच."

"फूट-इंच काय सांगतेस? पुण्यात पाच वर्षं राहून हेच शिकलीस?"

"तीन मीटर सात, सर. उतरा आता. पुढच्या खोलीत मी चढते."

"माझ्या घराचं छत आहे ते. तुझ्यापेक्षा माझी ओळख जास्त," असं म्हणून ते हसले, आणि उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

सर तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. लातूरच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी मला तीन वर्षं ड्रॉइंग शिकवलं होतं. पहिल्या वर्षी त्यांनी आमच्याकडून नुसती अक्षरं आणि आकडे गिरवून घेतले. पंच्याहत्तर अंशांत झुकलेले, सगळे एका उंचीचे. माझा सात त्यांना पसंत पडेपर्यंत मी दोनशे कागद घालवले असतील. "नकाशा म्हणजे पत्र असतं," ते म्हणायचे. "वाचणारा समोर नसतो. त्याला विचारता येत नाही. म्हणून आकडा असा लिहायचा की विचारायची गरजच पडू नये."

पुढे मी पुण्याला एका कंपनीत अग्निसुरक्षेचं काम शिकले, लायसन काढलं. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सगळं सोडून लातूरला परत आले. लहानसं ऑफिस टाकलं. लोक यायचे, खुर्चीवर बसायचे आणि विचारायचे, "साहेब कधी येतील?" मीच साहेब आहे म्हटलं की पाणी पिऊन निघून जायचे. असे सात महिने गेले होते. आठव्या महिन्यात सर स्वतः जिना चढून ऑफिसात आले.

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा बंगळूरला, तो परत येणार नव्हता. दोन मजल्यांचं एवढं मोठं घर सरांना खायला उठायचं. लातुरात डॉक्टर व्हायला गावोगावच्या मुली येतात, क्लास लावतात, दोन वर्षं राहतात. सरांनी घराचं मुलींचं हॉस्टेल करायचं ठरवलं होतं.

"परवानगीसाठी अग्निशमनचा दाखला लागतो," ते म्हणाले. "सिलिंडर टांगून दाखला देणारे पुष्कळ आहेत. मला तसं नको. लोकांच्या लेकी झोपणार आहेत तिथे. तू कर. पूर्ण डिझाइन तुझं, आणि सहीही तुझीच."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला तीनदा सांगितलं, सर स्वतः आले होते म्हणून.

काम मी जीव ओतून केलं. सरांनी हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून तीन खोल्या काढल्या होत्या. मधल्या खोलीला खिडकीच उरली नव्हती. मी भीत भीत म्हणाले, "सर, ही भिंत काढावी लागेल." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि दुसऱ्या दिवशी भिंत नव्हती. प्रत्येक खोलीच्या छताला मी स्प्रिंकलर दिले. असे सगळे मिळून सत्तावीस. स्प्रिंकलर म्हणजे छतातून खाली डोकावणारं पितळी तोंड. त्यात बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, नळीत लाल द्रव. आग लागली आणि छताजवळची हवा अडुसष्ट अंशांवर गेली की काच फुटते आणि पाणी सुटतं. माणूस लागत नाही, बटण लागत नाही. फक्त पाणी लागतं.

ते पाणी गच्चीवरच्या टाकीत होतं. पंधरा हजार लिटरची सिमेंटची टाकी. त्यातलं खालचं दहा हजार आगीसाठी राखीव, वरचं पाच हजार रोजच्या वापराला. कुणाच्या शिस्तीवर ते सोडायचं नाही म्हणून वापराच्या पाण्याचा पाइप मी टाकीच्या तळापासून एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीवर काढला. नळ दिवसभर उघडा राहिला तरी त्या उंचीखालचं पाणी खाली उतरूच शकत नव्हतं. त्या पाइपाशी मी रज्जाकभाईंना उभं केलं. ते आमचे प्लंबर.

"रज्जाकभाई, हा पाइप कुणीही खाली घ्यायला सांगितला तर घ्यायचा नाही. माझ्या सहीचा कागद असल्याशिवाय हात लावायचा नाही."

"कुणी नाही लावणार मॅडम. माझी जबान."

ऑक्टोबरात चाचणी झाली. मी गच्चीवर व्हॉल्व्ह उघडला, पंप गुरगुरला आणि पाण्याची धार कंपाउंड ओलांडून शेजारच्यांच्या पपईवर पडली. शेजारीण ओरडत बाहेर आली. सर तिला म्हणाले, "वहिनी, रागावू नका. ही माझी विद्यार्थिनी. हिनं बनवलंय हे." दिवाळीनंतर बेचाळीस मुली राहायला आल्या.

त्या वर्षी लातूरला पाणी नव्हतं. आधी नळ आठवड्याने यायचा, मग पंधरवड्याने, मग यायचाच बंद झाला. टँकरच्या रांगेत लोकांची डोकी फुटत होती. आमच्या घरी आई तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची.

एप्रिलच्या मध्यावर सहा महिन्यांची तपासणी आली. मी दुपारी सरांकडे गेले. मुली क्लासला गेल्या होत्या, घर शांत होतं. सरांनी ताक दिलं. मी सगळ्या खोल्या फिरले, सत्तावीसच्या सत्तावीस काचा पाहिल्या, एका स्प्रिंकलरला मुलींनी ओढणी वाळत घातली होती ती काढली. मग म्हणाले, "पंप दोन मिनिटं चालवून बघते, सर."

"दोन मिनिटांत किती पाणी जाईल, रेवती? खाली पोरी एका बादलीत दोघीजणी अंघोळ करतायत."

ते खरंच होतं. मला लाज वाटली.

"बरं, टाकी तरी बघून येते."

"भरलेली आहे. सकाळीच पाहिली मी." त्यांनी माझा पेला परत भरला. "ऊन बघ काय आहे ते. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर फोड येतोय. वडिलांचं कसं आहे? हात उचलतात का?"

मी वडिलांचं सांगत बसले. सांगता सांगता फॉर्म काढला. पाणीसाठा या रकान्यापुढे 'पूर्ण' असं लिहिलं आणि खाली सही केली. सर माझ्या पेनाकडे बघत होते. सही झाल्यावर त्यांनी कागद उचलला, शाई वाळायला हलकी फुंकर मारली आणि म्हणाले, "अक्षर अजून तसंच ठेवलंयस."

नऊ दिवसांनी दुपारी साडेतीनला त्यांचा फोन आला. "रेवती, ये जरा. वरच्या खोलीत थोडं जळालंय."

मी पोचले तेव्हा अग्निशमनची गाडी दारात उभी होती आणि मुली रस्त्यावर रडत होत्या. झालं होतं ते असं. एक मुलगी पलंगावर ड्रेस पसरून इस्त्री करत होती. वीज गेली. ती इस्त्री तशीच गादीवर ठेवून खाली गेली. तासाने वीज आली. खोली रिकामी होती. अशाच वेळेसाठी तर स्प्रिंकलर असतात.

"पाणी आलं होतं, मॅडम," एका मुलीने मला सांगितलं. "शॉवरसारखं आलं. धूर कमी झाला. आम्हाला वाटलं, विझलं. म्हणून तर सानिका आत गेली."

"आत का गेली?"

"तिच्या नोट्स होत्या पलंगाखाली. बायोलॉजीच्या. दोन वर्षांच्या. ती आत गेली आणि पाणी थांबलं."

सानिका टेकाळेला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. परीक्षा अकरा दिवसांवर होती.

खोलीत काळा कोळसा आणि जळक्या कापसाचा वास. छताकडे पाहिलं. काच फुटली होती. म्हणजे त्या चिमुकल्या काचेने आपलं काम केलं होतं. जे पाणी आलं ते पाइपात साठलेलं, बादली-दोन बादल्या. मी गच्चीवर धावले. कठडा खरोखरच पोळत होता. टाकीचं झाकण सरकवून आत वाकले.

तळाशी वाळत आलेला गाळ होता, त्यात एक प्लास्टिकचा मग पडलेला. बाहेरून पाहिलं तर माझं एक मीटर वीसवरचं भोक सिमेंटने बुजवलेलं, आणि वापराचा पाइप थेट तळालगत घेतलेला. भोवतीचं सिमेंट टाकीच्या रंगाहून पांढरं दिसत होतं.

सर गच्चीच्या दारापर्यंत आले, पण उंबऱ्याच्या आतच थांबले.

"सर, ही लाइन खाली कोणी घेतली?"

"आत्ता नको, रेवती." त्यांचा चेहरा उतरला होता. "आत्ता माझं डोकं चालत नाही."

मला त्यांची कीव आली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्याबद्दल शंकेचा लवलेशही नव्हता. मला वाटलं, स्वयंपाकवाल्या बाईंनी नाहीतर मुलींनी मागे लागून रज्जाकभाईंकडून हे परस्पर करून घेतलं असणार. सकाळी सर वरून डोकावले असतील आणि अंधारात पाणी आहे असं त्यांना वाटलं असेल. वय झालंय. चौकशीत त्यांच्यावर काही येऊ नये म्हणून काय बोलायचं, याचा विचार मी रात्रभर करत होते.

सकाळी मी गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत रज्जाकभाईंच्या दुकानात गेले. भाई पाइपाला आटे पाडत बसले होते. मला पाहून उठले. डोळे लाल होते त्यांचे.

"रज्जाकभाई, जबान दिली होती तुम्ही मला."

"दिली होती मॅडम. आणि पाळली."

"मग तो पाइप खाली कसा गेला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "असं काय विचारता? तुम्हीच तर सांगितलं ना."

"मी?"

"मी सरांना साफ नाही बोललो होतो. दोनदा. मॅडमचा कागद आणा, बोललो. मग त्यांनी आणून दिला कागद. मी लगेच काम केलं." त्यांनी गल्ल्याच्या खालून प्लास्टिकची पिशवी काढली, आणि पिशवीतून घडी घातलेला नकाशा. "जपून ठेवलाय. तुमचा कागद मी कधी फेकत नाही."

ती माझ्या नकाशाची झेरॉक्स होती. टाकीपाशी एक मीटर वीस या आकड्यावर एकच सरळ रेघ मारून बाजूला नवा आकडा लिहिला होता, शून्य पॉइंट पंधरा. खाली 'सुधारित', तारीख बारा मार्च, आणि माझ्या नावाची आद्याक्षरं, रे. ह.

आकडे पंच्याहत्तर अंशांत झुकलेले, सगळे एका उंचीचे. मी स्वतः लिहिले असते तर तसेच लिहिले असते. क्षणभर मला खरंच वाटलं की मीच कधीतरी लिहिलं असेल आणि विसरले असेन. मग आठवलं की हे अक्षर मी जिथून उचललं तो हात अजून शाबूत आहे.

बारा मार्च. म्हणजे मी ताक पीत सही केली त्याच्या महिनाभर आधी.

"मॅडम, बसा," रज्जाकभाई म्हणाले. "पाणी देऊ का?"

चौथ्या दिवशी अग्निशमन केंद्रात सुनावणी झाली. एक टेबल, चार खुर्च्या, वर कुरकुरणारा पंखा. अधिकारी साहेब पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले होते. मी आत जाताच त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. रज्जाकभाई दाराशी उभे होते.

साहेबांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. माझा मूळ नकाशा आणि तो सुधारलेला.

"हलकुडे मॅडम, हा बदल तुमचा?"

"नाही साहेब. हे अक्षर माझं नाही."

"पण अगदी तसंच आहे."

"हो. तसंच आहे."

साहेबांनी रज्जाकभाईंना विचारलं, "कागद कुणी दिला?"

"सरांनी दिला, साहेब. आपल्या हातानं."

"बरोबर आहे," सर लगेच म्हणाले. आवाज वर्गातल्यासारखा, सावकाश, स्पष्ट. "मीच नेऊन दिला. हिने पाठवला म्हणून दिला. पाण्याची अडचण मी हिच्या कानावर घातली होती. हिने मार्ग काढला. मी ड्रॉइंगचा मास्तर, साहेब. आगीच्या शास्त्रातलं मला काय कळतं? तज्ज्ञ ही आहे."

"अक्षर यांचं आहे असं तुमचं म्हणणं?"

सरांनी चष्मा घातला. कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. जितका वेळ आमच्या शीट तपासायला घ्यायचे तितकाच वेळ घेतला.

"हिचंच," ते म्हणाले. "मीच गिरवून घेतलंय हिच्याकडून. तीन वर्षं." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "हुशार मुलगी आहे, साहेब. घरी वडील आजारी. घाईगडबडीत झालं असेल. तिच्याशी कठोर होऊ नका."

मी त्यांच्याकडे बघत होते, एकदा तरी डोळे चुकवतील म्हणून. त्यांनी चुकवले नाहीत. माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली, पाठांतराला अडलेल्या मुलीला धीर द्यावा तशी.

"तुम्हाला काही सांगायचंय?" साहेबांनी मला विचारलं.

"ते अक्षर माझं नाही हे मला सिद्ध करता येणार नाही," मी म्हणाले. "पण तपासणीच्या फॉर्मवरची सही माझी आहे. पाणीसाठा पूर्ण, असं मी लिहिलंय. टाकीत न डोकावता लिहिलंय. तो गुन्हा माझा. लिहून घ्या."

"का डोकावला नाहीत?"

उत्तर एका वाक्याचं होतं. सर म्हणाले भरलेली आहे म्हणून. ते वाक्य त्या टेबलावर ठेवायला मला जमेना. "चुकलं माझं," एवढंच मी म्हणाले.

बाहेर आले तर सर पायऱ्यांवर थांबले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"सर, का?"

त्यांनी रुमालाने मान पुसली. "फेब्रुवारीत टँकर नऊ दिवस आला नाही. बेचाळीस मुली, रेवती. तोंड धुवायला पाणी नाही. पालक सामान भरायला आले होते. आणि वर दहा हजार लिटर पाणी नुसतं उभं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं."

इतकं सरळ उत्तर.

"आणि माझं नाव घातलंत?"

"रज्जाक ऐकत नव्हता." त्यांनी हे अशा सुरात सांगितलं की जणू दोष रज्जाकभाईंचा. "आणि आग लागेल असं कुणाला वाटतं? मीही तिथेच खाली झोपत होतो ना? स्वतःच्या जिवावर उदार झालो होतो का मी? लागायला नको होती. लागली." मग जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तुझं लायसन फार तर वर्षभर जाईल. तुझं वय काय? एकोणतीस. तू परत उभी राहशील. माझं या घराशिवाय आता काय आहे? मी सगळा विचार केला होता."

"कधी केला होता, सर? मार्चमध्ये?"

ते खाली बघून पायऱ्या उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरून थांबले.

"टेकाळेंना मी भेटून आलोय. सानिकाच्या वडिलांना. ते पोलिसात जाणार नाहीत आता. तू काळजी करू नकोस. घरी कशी जाणार आहेस? सोडू का?"

मी नको म्हणाले.

माझं लायसन एक वर्षासाठी निलंबित झालं. हॉस्टेलला टाळं लागलं, पण ते जुलैपर्यंतच. पाऊस झाला, सरांनी दुसऱ्या इंजिनिअरकडून पाइप परत वर घेऊन दाखवला आणि नव्या वर्षाच्या मुली आल्या. वर्षभर मी एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिला. रज्जाकभाई दर ईदला शीरखुर्मा घेऊन यायचे आणि दाराशीच म्हणायचे, "मॅडम, मला ओळखता यायला पाहिजे होतं." मी म्हणायची, "मलाच ओळखता आलं नाही, भाई. तुम्हाला कुठून येणार?" पुढे काम परत सुरू झालं. आज माझ्याकडे चौघं काम करतात. सर मागच्या वर्षी गेले. पेपरात फोटोखाली 'विद्यार्थ्यांचे आधारवड' असं छापलं होतं. मी अंत्ययात्रेला गेले नाही. आईने विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाले.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं ते पायऱ्यांवरचं बोलणं नाही, आणि टेबलावरचंही नाही. सुनावणी झाली त्याच दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेले होते.

सानिका उशीला टेकून बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर ठेवलेले. वडील शेजारी स्टुलावर बसले होते. बारीक अंगाचे, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. जळकोटला शिंप्याचं दुकान होतं त्यांचं, शिवण अर्धी टाकून आले असणार. मुलीसमोर जाड पुस्तक धरून ते तिच्या खुणेसरशी पान उलटत होते. ती वाचायची, हनुवटी हलवायची, ते उलटायचे.

"मी रेवती हलकुडे," मी म्हणाले. "त्या हॉस्टेलचं आगीचं काम..."

टेकाळे उठून उभे राहिले. मला वाटलं आता अंगावर येतील. त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा, ताई. मला माहीत आहे सगळं. सर येऊन गेले."

मी बसले नाही.

"मॅडम," सानिकाने विचारलं, "पाणी का थांबलं?"

"टाकीत पाणी नव्हतं, बाळ. मी टाकी न बघता भरलेली आहे असं लिहून दिलं होतं. मी वर जाऊन पाहिलं असतं तर तुझे हात..."

"राहू द्या, ताई," टेकाळे म्हणाले. "मी तक्रार लिहून ठेवली होती, काय लपवायचं. तुमच्याही नावाची होती. परवा सर आले. एवढा मोठा माणूस, ताई, त्यांनी माझे पाय धरले. इथं, ह्या फरशीवर बसून. म्हणाले, चूक तिच्या हातून झाली, आकडा चुकला. पण पोरगी आहे, घरी बाप अंथरुणाला खिळलाय, पोलिसात गेलं तर तिचं आयुष्य बरबाद होईल. मला शिक्षा करा म्हणाले, माझ्या घरात झालंय, पण तिला सोडा. मला लेकीसारखी आहे ती." त्यांनी गळ्यातली टेप सारखी केली. "मी म्हणलं, तुम्ही एवढं करता दुसऱ्याच्या लेकीसाठी, तर मीही लेकीचा बाप आहे. फाडून टाकली तक्रार. त्यांच्यासमोर."

कुठेतरी कुणाचं बाळ रडत होतं. मी पलंगाची दांडी धरली.

"काका," मी म्हणाले, "तो आकडा मी लिहिला नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान मूल हातातली वाटी पाठीमागे लपवून 'मी नाही खाल्लं' म्हणतं, तेव्हा मोठी माणसं बघतात तसं.

"सर म्हणाले होते," ते हळू आवाजात म्हणाले, "ती कबूल करणार नाही, भेदरलीय पोर. आली तर तिला काही बोलू नका."

सानिका माझ्याकडे बघत होती. ती अठरा वर्षांची होती. तिने काय ठरवलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि विचारायचा मला हक्क नव्हता. तिने हनुवटी हलवली. टेकाळे वाकले, पान उलटलं, पुस्तक तिला दिसेल असं नीट धरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"अशी माणसं राहिली नाहीत आता, ताई. त्यांना विसरू नका."

"नाही," मी म्हणाले. "नाही विसरणार."